पाणी पिणाऱ्या ब्लॉकवर गिलावा कसा टिकतो

पुणे, मुंबई, नाशिक येथील नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती आता भाजक्या विटांच्या क्वचितच असतात. त्यांची जागा करड्या-पांढऱ्या, आकाराने मोठ्या पण उचलायला हलक्या अशा ब्लॉकने घेतली आहे. कागदोपत्री त्यांना एएसी ब्लॉक (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे दाबयुक्त वाफेत पक्के केलेले सच्छिद्र काँक्रीट) म्हणतात आणि जुने मिस्त्री अजूनही सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात, कारण पुण्यात १९७०च्या दशकापासून त्या नावाने हा माल तयार होत आला आहे. या भिंतींविषयीच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: रंग लावून वर्ष होण्याआधी केसासारख्या भेगा दिसू लागतात, बोटाच्या पेराने ठोकले की गिलावा बद्द वाजतो आणि एखादा खिळा मारताना तळहाताएवढा पापुद्रा मागच्या भुग्यासकट हातात येतो. अशा वेळी दोष सिमेंटला किंवा गवंड्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र गिलाव्यात कालवलेले पाणी कुठे गेले आणि किती वेगाने गेले, या एका प्रश्नात सगळे उत्तर असते.

हा ब्लॉक मुळात कसा तयार होतो ते पाहिले तर पुढचे समजणे सोपे जाते. स्वीडनमधील वास्तुविशारद योहान आक्सेल एरिक्सन यांनी १९२०च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत वाळूची पूड किंवा औष्णिक वीजकेंद्रातील राख, चुना, सिमेंट, थोडे जिप्सम आणि पाणी यांच्या लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. चुन्याशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात आणि लगदा फुगतो. तो थोडा घट्ट झाला की तारेने कापतात आणि सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत कित्येक तास ठेवतात. हायड्रोजन निघून जातो आणि मागे पोकळ्या उरतात. एक घनमीटर भाजक्या विटांचे वजन १,८०० किलोच्या आसपास भरते, तर नेहमीच्या वापरातील असा ब्लॉक घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो भरतो.

म्हणजे त्यात घन पदार्थ थोडा आणि पोकळी फार. हिशेबच करायचा तर १५० मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा एक चौरस मीटर घेऊ. त्याचे आकारमान १५० लिटर आणि वजन सुमारे ९० किलो असते. इतक्या वजनाचा घन पदार्थ जेमतेम ३५ लिटर जागा व्यापतो, त्यामुळे उरलेली शंभर लिटरहून अधिक जागा रिकामी असते. आता त्याच एक चौरस मीटरवर १२ मिलिमीटर जाडीचा, एकास सहा प्रमाणाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) गिलावा चढवला, तर त्यात सिमेंट सव्वातीन किलोच्या आसपास आणि पाणी अडीच ते तीन लिटर असते. एका बाजूला तीन लिटर पाणी आणि त्याला चिकटून शंभर लिटरची कोरडी पोकळी, असा हा सामना आहे.

या तीन लिटरांपैकी सिमेंटला सगळे पाणी लागत नाही. सिमेंट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे, कारण ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते आणि त्या संयोगाला आपल्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरते. सव्वातीन किलो सिमेंटला सव्वा लिटर पाणी म्हणजे हिशेब पुरा झाला. बाकीचे पाणी केवळ मसाला थापीवरून सरकावा आणि भिंतीवर पसरावा एवढ्यासाठी घातलेले असते, ते भिंतीने ओढून घेतले तर उलट फायदाच होतो. पाणी ओढले जाताना त्याबरोबर सिमेंटची बारीक खीर ब्लॉकच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. गिलाव्याची खरी पकड ही असते. अजिबात पाणी न पिणाऱ्या भिंतीवर, उदाहरणार्थ गुळगुळीत काँक्रीटच्या खांबावर, गिलावा नीट धरत नाही तो याच कारणाने. तेव्हा भिंतीने पाणी पिणे हा दोष नव्हे. सव्वा लिटरची राखीव शिल्लकही तिने सिमेंट घट्ट होण्याआधी पिऊन टाकली, म्हणजे नुकसान सुरू होते. त्यातही पहिला फटका ब्लॉकला लागून असलेल्या एक-दोन मिलिमीटर थराला बसतो. वरून गिलावा टणक लागतो, आणि जिथे पकड हवी नेमक्या त्याच जागी सिमेंट तहानलेले राहून पावडर उरते. बद्द आवाज येतो तो तिथून.

इथे साधा उपाय सुचतो तो असा की भिंत आधीच पाण्याने तुडुंब भिजवून टाकावी. विटांच्या बाबतीत हीच पद्धत आहे आणि ती योग्यही आहे. विटा बांधण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवतात आणि बुडबुडे यायचे थांबले की काढतात. वीट पाणी झपाट्याने ओढते, पण तिचे पोट लवकर भरते. ब्लॉकचा स्वभाव निराळा आहे. समईची वात अखंड असते तोवर तेल चढत राहते. तिचे तुकडे करून ओळीने ठेवले तर प्रत्येक तुकड्याशी तेल अडखळते. ब्लॉकमधल्या मोठ्या गोल पोकळ्या या अशा तुटक जागा आहेत. पाणी ओढण्याचे काम पोकळ्यांच्या मधल्या पातळ भिंतींतील अतिसूक्ष्म छिद्रे करतात, पण मोठ्या पोकळीशी वाट अडते आणि पाण्याला वळसा घालून पुढे जावे लागते. परिणामी ब्लॉक पाणी विटेपेक्षा सावकाश ओढतो, पण ओढणे थांबवत नाही. तासन्‌तास, कधी दिवसभरही, थोडे थोडे घेत राहतो. रबरी नळीने भिंतीवर पाच मिनिटे धार मारली तर वरचा अर्धा-एक सेंटिमीटर चिंब होतो, आतला भाग कोरडाच राहतो आणि बरेचसे पाणी खाली लादीवर वाहून जाते.

भिंत कशीबशी खोलवर भिजवलीच, तर दुसरे संकट उभे राहते. हा ब्लॉक भिजला की किंचित फुगतो आणि वाळला की आकसतो. भारतीय मानकात या घनतेच्या ब्लॉकला वाळताना आकसण्याची मर्यादा पहिल्या प्रतीसाठी ०.०५ टक्के आणि दुसऱ्या प्रतीसाठी ०.१० टक्के घालून दिली आहे. आकडे किरकोळ वाटतात, पण चार मीटर लांबीच्या भिंतीत त्यांचा अर्थ दोन ते चार मिलिमीटर होतो. भिजलेल्या, फुगलेल्या भिंतीवर गिलावा चढवला, तो आपल्या जागी घट्ट झाला आणि त्यानंतर पुढील महिन्यांत मागची भिंत आकसू लागली, तर कुठेतरी भेग पडणे अटळ असते. शिवाय चिंब ओल्या पृष्ठभागावर छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे सिमेंटची खीर आत शिरायला जागाच उरत नाही.

याच कारणाने ‘कोरडा ब्लॉक’ या शब्दांवर फार विश्वास ठेवू नये असे मला वाटते. कारखान्यातून वाफेच्या भट्टीबाहेर पडलेल्या ब्लॉकमध्ये त्याच्या कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. मागणीच्या दिवसांत तो माल विसावा न घेताच ट्रकमध्ये चढतो. पावसाळ्यात ठाण्या-रायगडच्या बाजूला उघड्यावर रचलेली थप्पी पुन्हा भिजते. असे ब्लॉक वरून कोरडे दिसतात, तोंडाशी पाणीही ओढतात, आणि पोटात मात्र ओल धरून असतात. त्यांचे आकसणे भिंत बांधून झाल्यावर सुरू होते. त्यामुळे थप्पी जमिनीपासून वर उचलून ताडपत्रीखाली ठेवणे आणि भिंत बांधल्यानंतर गिलाव्याआधी किमान दोन-तीन आठवडे जाऊ देणे, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. कामाच्या घाईत नेमका तोच सर्वांत आधी वगळला जातो.

गिलाव्याच्या दिवशी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे धूळ. ब्लॉक तारेने कापलेला असल्याने त्याच्या तोंडावर सुटा भुगा असतो. त्यात विजेच्या नळ्यांसाठी कटरने मारलेल्या झिऱ्यांची पावडर बसलेली असते. तळहात भिंतीवरून फिरवून पाहावा. हात पांढरा झाला तर गिलावा भिंतीला चिकटणार नसून त्या पावडरीला चिकटणार आहे, हे समजावे. ताठ केसांच्या किंवा तारेच्या ब्रशने वरून खाली भिंत झाडून घेणे, सुटलेले कोपरे काढून टाकणे आणि फुटलेल्या दर्जा, म्हणजे ब्लॉकच्या मधले सांधे, भरून घेणे हे काम अर्ध्या दिवसाचे असते.

त्यानंतर पाणी. इथे भिंत ओलसर करायची असते, भिजवायची नसते. फवारणीच्या पंपाने बारीक तुषार मारले की ब्लॉकचा रंग गडद होतो आणि क्षणभर चकाकी येते. ती चकाकी किती वेळात जिरते याकडे लक्ष ठेवावे. पाणी टेकताच नाहीसे होत असेल तर भिंत फार तहानलेली आहे, थोड्या वेळाने पुन्हा फवारावे. रंग गडद राहिला पण चकाकी गेली, बोट टेकवल्यावर गार लागले पण पाणी बोटाला आले नाही, की गिलावा सुरू करण्याची वेळ झाली. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत, उघड्या खिडक्यांतून गरम वारा येत असताना, आदल्या संध्याकाळी एक हलका फवारा आणि सकाळी काम सुरू करताना दुसरा असे करावे लागते. कोकणात जुलैमध्ये कदाचित एकच पुरेल. सगळी भिंत एकदम ओली करून ठेवू नये, कारण गवंडी दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ती पुन्हा वाळलेली असते. जेवढा भाग पुढच्या तासाभरात भरून होईल तेवढाच ओला करावा.

एकाच भिंतीत पाणी पिण्याचे वेगवेगळे स्वभाव असतात, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. ब्लॉक पाणी ओढतो, त्यांच्या मधल्या सिमेंटच्या दर्जा कमी ओढतात, शेजारचा काँक्रीटचा खांब जवळपास ओढतच नाही. त्यावर एकाच हाताने एकाच मसाल्याचा गिलावा चढवला तर ब्लॉकवरचा भाग लवकर घट्ट होतो आणि दर्जांवरचा मऊ राहतो. रंधा (गिलावा घासून सपाट करायची फळी) फिरवताना गवंड्याच्या हाताला तो फरक जाणवतो आणि पुढे तिरप्या उजेडात दर्जांच्या रेघा गिलाव्यातून उमटलेल्या दिसतात. ही ओढ सगळीकडे सारखी करण्यासाठी गिलाव्याआधी सिमेंट आणि जाड्या वाळूचे पातळ मिश्रण, त्यात पाण्याबरोबर बाँडिंग केमिकल (पकड वाढवणारे द्रव्य) मिसळून, भिंतीवर फेकून मारतात. याने दोन कामे होतात: पृष्ठभाग खरखरीत होतो आणि ब्लॉकच्या व गिलाव्याच्या मध्ये पाण्याची वाट थोडी अरुंद करणारा थर तयार होतो. मात्र हा थर म्हणजे भिंतभर सारवण नव्हे. तो टोकदार दाण्यांचा, मधूनमधून ब्लॉक दिसेल असा हवा, आणि एक-दोन दिवस ओलसर ठेवून घट्ट झालेला हवा. नखाने खरवडला असता निघून येत असेल तर त्यावर गिलावा चढवण्यात अर्थ नाही. नुसते केमिकल ब्रशने लावायचे असेल, तर ते चिकट असतानाच वर गिलावा आला पाहिजे. ते वाळून चकचकीत पापुद्रा झाला, तर पकड वाढण्याऐवजी घसरण तयार होते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. चिराही पाणी पितो, पण त्याला मुळातच खाचखळगे असतात आणि गिलावा त्यांत अडकून बसतो, म्हणून पाण्याच्या बाबतीत थोडी हयगय झाली तरी तो निभावून नेतो. ब्लॉकला असा अडकवण्याचा आधार नसतो. त्याची सगळी भिस्त त्या पहिल्या दोन मिलिमीटरवर असते.

आता मसाला. ‘माल तगडा करा, सिमेंट जास्त घाला’ हा घरमालकाचा आग्रह या भिंतीवर उलटतो. एकास तीनचा मसाला घट्ट झाल्यावर ब्लॉकपेक्षा कितीतरी कणखर होतो, वाळताना आकसतोही अधिक, आणि आकसताना ज्या मऊ ब्लॉकला धरून आहे त्याचेच तोंड ओरबाडून काढतो. सुटलेल्या पापुद्र्याच्या मागे ब्लॉकचा पांढरा थर चिकटलेला दिसला, तर असेच काही घडले असण्याची शक्यता मोठी असते. आतल्या भिंतीसाठी एकास सहाच्या आसपासचा मसाला आणि १० ते १२ मिलिमीटर जाडी पुरे. ब्लॉक मापात कापलेले असल्याने भिंत ओळंब्यात बांधली असेल तर याहून जाड थराची गरजच पडत नाही, म्हणून जाडीच्या खुणांचे ठिय्ये देतानाच भिंतीचा बाक लक्षात घ्यावा आणि जिथे १५ मिलिमीटरपेक्षा अधिक भरावे लागणार असेल तिथे दोन थरांत काम करावे. वाळूबाबतही जपावे. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची बारीक पूड जास्त असेल तर मसाल्याला पाणी जास्त लागते आणि जितके पाणी जास्त तितके आकसणे जास्त. प्लास्टरसाठी वेगळी धुऊन चाळलेली क्रश सँड घेणे यासाठी इष्ट.

हल्ली गोणीत तयार मिळणाऱ्या प्लास्टरला भाव जास्त पडतो, पण पाणी पिणाऱ्या भिंतीवर तो भाव मला वावगा वाटत नाही. त्यात सेल्युलोजपासून बनवलेला एक पदार्थ अगदी अल्प प्रमाणात असतो. तो पाण्यात विरघळून त्याला दाट करतो, त्यामुळे भिंतीची सूक्ष्म छिद्रे ते पाणी सहजी ओढू शकत नाहीत आणि सिमेंटला आपले काम पुरे करायला अवधी मिळतो. अशा मसाल्यात ‘जरा सैल करू या’ म्हणून घमेल्यात वरून पाणी ओतले, की ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया जाते. गोणीवर लिहिलेले पाण्याचे माप पाळावे.

गिलावा भरून पट्टीने ओढला, की रंधा मारण्यापूर्वी तो थोडा आवळून येऊ द्यावा लागतो. हा आवळ लवकर यावा म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट मारण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्याने गवंड्याची अर्ध्या तासाची वाट वाचते आणि भिंतीवर केवळ सिमेंटची, लवकर आकसणारी कातडी तयार होते. मासळीच्या जाळ्यासारख्या भेगांचे मूळ पुष्कळदा या कातडीत असते.

भेगांची आणखी एक जागा आहे जिचा पाण्याशी थेट संबंध नाही, पण गिलाव्याच्या माथी तिचेही पाप येते. खांब आणि ब्लॉक जिथे भेटतात, तुळईच्या खाली जिथे भिंत संपते आणि जिथे झिऱ्या भरल्या आहेत, तिथे दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ आपापल्या चालीने हलतात. अशा सांध्यांवर दोन्ही बाजूंना साधारण १५० मिलिमीटर जाईल अशी कोंबडी जाळी किंवा फायबरची जाळी ताणून बसवावी. जाळी गिलाव्याच्या पोटात आली पाहिजे, भिंतीला चिकटून सुरकुतलेली नको. तुळईखाली थोडी फट ठेवून ती भिंत स्थिरावल्यावर, काही दिवसांनी भरावी. झिऱ्या छिन्नी-हातोड्याने न फोडता कटरने कापाव्यात, कारण हातोड्याच्या दणक्याने आजूबाजूच्या दर्जा सुटतात.

सिमेंटऐवजी जिप्समचा गिलावा करण्याची पद्धत शहरांतून रूढ झाली आहे आणि या ब्लॉकशी तिचे एका अर्थाने चांगले जमते. १०० किलो जिप्समला घट्ट होण्यासाठी रासायनिकदृष्ट्या १८ ते १९ लिटर पाणी पुरते, कालवताना मात्र ६० ते ७० लिटर घालावे लागते. म्हणजे भिंतीने भरपूर ओढून घेतले तरी गरजेपुरते उरते. शिवाय ते अर्ध्या तासाच्या आसपास घट्ट होते, आकसत नाही आणि त्यावर नंतर पाणी मारावे लागत नाही. तरीही फार कोरड्या, धुळकट भिंतीवर पातळ थर दिला तर घट्ट होण्याआधीच पाणी संपून त्याची पावडर होऊ शकते, म्हणून ब्रशने झाडणे आणि हलका फवारा किंवा प्रायमर इथेही सुटत नाही. न्हाणीघर, पाण्याच्या नळाची भिंत आणि बाहेरून ओल येणारी भिंत या जागी जिप्सम लावू नये. सततच्या ओलीने ते मऊ पडते.

सिमेंटच्या गिलाव्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी लागते. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जात असते, समोरून हवेत आणि मागून ब्लॉकमध्ये, त्यामुळे दिवसातून एकदा नळीने झोडपून काढण्यापेक्षा तीन-चार वेळा बारीक फवारा मारणे अधिक उपयोगी पडते. पंखे लावू नयेत आणि ऊन-वारा थेट येत असेल तर खिडक्यांना गोणपाट किंवा प्लास्टिक लावावे.

सात दिवसांनंतर उलट काळजी सुरू होते. आत गेलेले पाणी आता बाहेर यायला हवे आणि ब्लॉक जसा ते सावकाश घेतो तसा सावकाशच सोडतो. सिमेंटच्या गिलाव्यानंतर पुट्टी आणि रंगाला साधारण चार आठवडे थांबण्याची रीत आहे. पावसाळी हवेत तेवढेही पुरत नाहीत. भिंतीच्या एका बाजूला फरशा आणि दुसऱ्या बाजूला ऑइल पेंट अशी योजना असेल तर ओलीला दोन्हीकडून वाट बंद होते, म्हणून निदान एक बाजू उशिरा झाकावी. शंका असल्यास हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून रात्रभर ठेवावा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव दिसले, किंवा त्याखालचा गिलावा शेजारच्यापेक्षा गडद झालेला असला, तर रंगाऱ्याला पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी आणि तोवर खिडक्या उघड्या ठेवाव्यात.